दुपारपर्यंत होल्स्टर सरकतं आणि मूठ बाहेर डोकावते: दोष कुठे शोधायचा

सकाळी आरशासमोर सगळं ठीक असतं. शर्ट सरळ पडलेला असतो, कमरेला काही आहे याचा पत्ताही लागत नाही. मग दोन-तीन तास खुर्चीत नाहीतर गाडीत बसणं होतं, जिने चढणं-उतरणं होतं, आणि दुपारी हात सहज कमरेकडे गेला की लक्षात येतं: होल्स्टर, म्हणजे कमरेला लावलेलं पिस्तुलाचं म्यान, दोन बोटं मागे सरकलंय, पिस्तुलाची मूठ बाहेर कललीय आणि शर्टाला तिथे टोक आलंय. कुठेतरी आडोशाला जाऊन पट्टा सोडायचा, सगळं जागेवर आणायचं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

परवाना घेऊन रोज पिस्तूल बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर बहुतेकजण एकच उपाय करतात, दुसरं होल्स्टर घेतात. मीही तेच केलं. खणात पाच होल्स्टरं साठल्यावर एकदा ती सगळी शांतपणे तपासली, तेव्हा कळलं की त्यांतल्या तिघांत काहीच वाईट नव्हतं. बिघाड होता तो होल्स्टर आणि शरीर यांना जोडणाऱ्या गोष्टींत: पट्टा, होल्स्टर पट्ट्याला अडकवणारी क्लिप, पेच, आणि होल्स्टरबरोबर पिशवीत सुटे येणारे ते रबराचे-फोमचे तुकडे, जे आपण किरकोळ समजून पिशवीतच ठेवून देतो. म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी खालच्या क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

त्याआधी पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. हाच क्रम ठेवा. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर पुढची गोळी चेंबरमध्ये जाते. गोळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पुढे जिथे जिथे पिस्तूल काढायचं किंवा होल्स्टर हलवून बघायचं म्हटलंय, तिथे रिकामंच पिस्तूल घ्यायचं आहे. मध्येच उठून गेलात तर परत आल्यावर पुन्हा तपासा.

पट्ट्यापासून सुरुवात

साधा पट्टा पँट वर राहावी म्हणून केलेला असतो. ग्लॉक १९ सारखं मध्यम आकाराचं पिस्तूल भरलेल्या मॅगझिनसह साधारण ८५० ग्रॅमचं होतं, आणि हे सगळं वजन पट्ट्याच्या एकाच बाजूला, एवढ्याशा जागेवर येतं. पट्टा मऊ असेल तर तो तिथे पिळवटतो, वरची कड बाहेर जाते आणि तिच्याबरोबर मूठही बाहेर जाते.

पट्टा तपासणं सोपं आहे. त्याची वरची आणि खालची कड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून जोराने दाबा. पट्टा मध्ये दुमडून पन्हळीसारखा झाला तर तो या कामाचा नाही, मग चामडं कितीही जाड दिसो. दोन थर एकत्र शिवलेला किंवा आत कडक पट्टी घातलेला पट्टा असा दुमडत नाही.

इथे एक गोष्ट मला उशिरा समजली. पट्टा जितका कडक तितका चांगला, असं नाही. होल्स्टर पुढे, पोटाच्या बाजूला लावणाऱ्यांना अति कडक पट्टा त्रास देतो, कारण तो शरीराच्या गोलाईप्रमाणे वळत नाही. नितंबाच्या हाडाजवळ तो अंगापासून सुटा राहतो आणि त्या फटीत होल्स्टर हलतं. पुढे बाळगायचं असेल तर उभ्या दिशेने कडक पण कमरेभोवती वळेल असा पट्टा बघा. कुशीला किंवा मागच्या बाजूला बाळगायचं असेल तर जास्त कडक चालतो.

दुसरा दोष भोकांचा. भोकांत साधारण इंचभर अंतर असतं. उभं असताना एक भोक घट्ट होतं आणि पुढचं सैल, म्हणून माणूस सैल भोक निवडतो आणि दिवसभर होल्स्टर घसरत राहतं. मागे दाते असलेली पट्टी किंवा वेल्क्रो असलेले पट्टे थोडे थोडे घट्ट-सैल करता येतात. दात्यांच्या पट्ट्यात दोन दात्यांमधलं अंतर साधारण ६ मिलिमीटर असतं. बसताना एक दाता सोडायचा, उठताना परत आवळायचा. माझ्या अनुभवात एवढ्याने निम्मी तक्रार संपते.

क्लिप खरंच अडकली आहे का?

ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे माझ्याकडून चूक झाली आणि ती जिवावर बेतू शकली असती.

घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करत होतो. शर्ट वर, हात मुठीवर, ओढलं, आणि पिस्तूल होल्स्टरसकट बाहेर आलं. नळीवर टोपी घातल्यासारखं होल्स्टर तसंच अडकलेलं. मी धरून चाललो की पकड फार घट्ट आहे. होल्स्टर पिस्तुलाला किती घट्ट धरतं ते ठरवणारा पकडीचा पेच सैल केला. पुन्हा काढून बघितलं, पाचव्या वेळी परत तेच. अजून सैल केला. शेवटी इतका सैल झाला की गादीवर होल्स्टर उलटं धरून हलवलं तर पिस्तूल खाली पडलं. म्हणजे एक बिघाड शोधताना मी दुसरा निर्माण केला होता.

खरा दोष दिसला तो आरसा खाली धरल्यावर. क्लिपच्या टोकाला आत वळलेला आकडा असतो. तो पट्ट्याच्या खालच्या कडेखाली जाऊन अडकला पाहिजे. माझा पट्टा दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचा, आणि क्लिप पावणेदोन इंची पट्ट्यासाठी, म्हणजे साधारण ४५ मिलिमीटरची. त्यामुळे आकडा कडेच्या खाली नुसता लोंबत होता आणि पट्ट्याशी त्याचा संबंधच येत नव्हता. होल्स्टर फक्त पँट आणि अंग यांच्या दाबाने धरून राहिलं होतं. दिवसभर ते का सरकत होतं याचंही उत्तर तिथेच होतं: ७ मिलिमीटर मोकळी जागा मिळाल्यावर ते प्रत्येक पावलाला वर-खाली होत होतं.

म्हणून पट्टी घेऊन पट्ट्याची रुंदी मोजा आणि त्याच मापाची क्लिप लावा. बहुतेक होल्स्टरांची क्लिप दोन पेच काढून बदलता येते. पँटच्या कापडालाच चिमटून बसणाऱ्या क्लिपा असतात, पण रोजच्यासाठी मी पट्ट्याला धरणारीच क्लिप घेईन. चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या फाशाला बटण असतं तो प्रकारही भरवशाचा आहे, मात्र बटण एकाच बाजूने उघडणारं हवं. साधं टिचबटण झटक्यात सुटतं.

क्लिप बदलल्यावर पट्ट्यावर तिच्या दोन्ही कडांना खडूची बारीक रेघ ओढा. मग नेहमीसारखा दिवस घालवा. संध्याकाळी रेघ आणि क्लिप यांत किती अंतर पडलं, कोणत्या दिशेला पडलं, हे समोर दिसतं. पुढे सरकत असेल तर क्लिप पँटच्या पट्टा ओवायच्या लूपला टेकवून, त्याच्या मागे लावा. मागे सरकत असेल तर लूपच्या पुढे. लूप अडसराचं काम करतो. याला काहीच खर्च नाही आणि तरी फार थोडे लोक करतात.

मूठ बाहेर का येते

होल्स्टर आता जागेवर आहे, तरी शर्टाला टोक येतंच, असं असेल तर तो कलण्याचा प्रश्न आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लपवायला अवघड नळी नसते, मूठ असते. नळी पँटच्या आत जाते आणि मांडीच्या रेषेत उभी राहते. मूठ मात्र पट्ट्याच्या वर, अंगाला आडवी असते आणि तिचं मागचं टोक कापड ढकलतं. छोट्या नळीचं पिस्तूल घेतलं की सगळं दडेल असं वाटतं, पण कित्येकदा उलटं होतं. नळी आखूड असली की पट्ट्याच्या खाली फारसं काही उरत नाही, वजन सगळं वर येतं आणि पिस्तूल वरच्या बाजूने बाहेर झुकतं. त्यावर उपाय म्हणजे त्याच पिस्तुलासाठी लांब होल्स्टर. खालचं रिकामं टोक मांडीला टेकतं आणि वरचा भाग आत दाबला जातो. आखूड पिस्तूल वापरणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी सुचवतो.

आता ते पिशवीतले दोन तुकडे.

पहिला क्लॉ. पंखासारखा हा तुकडा ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याच्या, बाजूला बसतो. पट्टा त्याला आत दाबतो, त्यामुळे होल्स्टर स्वतःभोवती किंचित वळतं आणि मूठ अंगाकडे येते. हे घडायला क्लॉ बरोबर पट्ट्याच्या मागे यावा लागतो. होल्स्टर फार वर किंवा फार खाली लावलं असेल तर क्लॉ पट्ट्याला चुकवतो आणि नुसताच अंगाला काचतो. क्लॉ लावूनही फरक पडला नाही असं कुणी म्हणालं की मी आधी हीच गोष्ट बघतो, आणि बरेचदा तेच निघतं. सैल पट्ट्यावरही क्लॉ काम करत नाही, कारण दाबणारं कुणी नसतं.

दुसरी पाचर. ही फोमची किंवा मऊ रबराची असते आणि होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला, खालच्या टोकाजवळ चिकटवायची असते. ती खालचं टोक बाहेर ढकलते, पट्टा मधला टेकू होतो आणि वरची मूठ आत येते. लहान मुलांचा सीसॉ डोळ्यांसमोर आणा. म्हणूनच पाचर चुकून वर लावली, म्हणजे पट्ट्याच्या पातळीला किंवा त्याच्याही वर, तर ती पिस्तूल उलट बाहेर ढकलते. टोचतं म्हणून टोचणाऱ्या जागी वर फोम लावणारे अनेकजण नकळत हेच करून बसतात.

पाचर सगळ्यांनाच लागते असंही नाही. ज्यांचा नितंबांचा घेर कमरेपेक्षा बराच जास्त आहे, आणि बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत हे खरं असतं, त्यांचं होल्स्टरचं खालचं टोक आधीच बाहेर ढकललेलं असतं. मूठ बरगडीत रुतते. तिथे पाचर लावली की दुखणं वाढतं. त्यांनी पाचर काढून टाकावी, पँट जरा खालच्या पातळीला बसणारी घ्यावी आणि होल्स्टर थोडं पुढे-मागे करून सपाट जागा शोधावी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सल्ल्यांत सरळ कमरेचा पुरुषच गृहीत धरलेला असतो, हे मला मनापासून खटकतं.

कल आणि उंची जागेनुसार ठरतात. नाभीला घड्याळाचे बारा धरले तर उजव्या हाताच्या माणसाची उजवी कूस म्हणजे तीन. तीन ते साडेचारच्या मधे मूठ १० ते १५ अंश पुढे झुकवली की तिचं टोक बरगडीच्या रेषेत येतं आणि वाकल्यावर शर्ट उचलत नाही. एकच्या जागेला, म्हणजे पुढे, होल्स्टर उभंच ठेवायचं. उंची ठरवताना लपवण्याच्या नादात फार खाली जाऊ नका. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी पट्ट्याला न घासता मुठीभोवती पूर्ण बसली पाहिजेत. पिस्तूल काढल्यानंतर हातात पकड सावरावी लागत असेल तर होल्स्टर क्लिपच्या पेचांच्या एका भोकाने वर घ्या.

आरशासमोर नुसतं ताठ उभं राहून काही कळत नाही. वरच्या फळीवरची वस्तू काढा, बूट बांधायला वाका, खुर्चीत बसून उठा. आणि दुसऱ्या माणसाच्या नजरेने बघा. तुम्हाला माहीत आहे म्हणून जी घडी तुम्हाला पिस्तूल वाटते, ती इतरांना फक्त घडीच दिसते.

जिथे दुरुस्ती करत बसायचं नाही

आतापर्यंत सगळं सुधारता येण्यासारखं होतं. पण काही दोष असे आहेत की होल्स्टर कितीही आरामशीर असलं तरी ते टाकूनच द्यायचं.

रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला आणि बाहेरून चापावर करंगळीने किंवा पेनाच्या मागच्या टोकाने दाब देऊन बघा. चाप हलला, किंवा नुसता स्पर्श झाला, तरी ते होल्स्टर बाद. सगळ्या पिस्तुलांना बसेल असं म्हणून मिळणारं मऊ नायलॉनचं होल्स्टर या कसोटीत बहुधा नापास होतं, कारण मऊ कापडातून चाप दाबता येतो. पिस्तुलाला टॉर्च लावला असेल तर आणखी नीट बघा. टॉर्चसाठी साच्याचं तोंड रुंद करावं लागतं आणि काही होल्स्टरांत ट्रिगर गार्डच्या बाजूला बोट शिरेल एवढी फट राहते. टॉर्चसाठी तुमच्या पिस्तुलाचा आणि त्याच टॉर्चचा साचा हवा, जवळपासचा चालत नाही.

दुसरी कसोटी तोंडाची. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. जुनं, मऊ पडलेलं चामडं आत कोलमडतं, त्याची कड दुमडून ट्रिगर गार्डमध्ये शिरते आणि पिस्तूल आत ढकलताना तीच कड चाप ओढते. चामड्याच्या कारागिरांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ब्रूस नेल्सन यांची रचना असलेलं आणि मिल्ट स्पार्क्स यांच्या कार्यशाळेने प्रसिद्ध केलेलं समर स्पेशल हे होल्स्टर घ्या. त्याच्या तोंडाभोवती पट्टी घालून ते कडक केलेलं असतं, ते याचसाठी. चामड्यावर तोंडाजवळ आडवी सुरकुती दिसू लागली की तेल लावून ते आणखी मऊ करू नका. त्याचं आयुष्य संपलं.

आणि कापडाची गोष्ट. एकदा सराव करताना जॅकेटच्या नाडीच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी माझ्या होल्स्टरच्या तोंडात गेला. पिस्तूल आत जाता जाता मधेच अडलं, हाताला तो बारीक अडथळा जाणवला आणि मी थांबलो. बाहेर काढून बघितलं तर मणी ट्रिगर गार्डच्या आत, चापाच्या अगदी समोर. पिस्तूल रिकामं होतं, तरी त्या रात्री मी त्या जॅकेटच्या नाड्या कापून टाकल्या. तेव्हापासून पिस्तूल परत ठेवताना दुसऱ्या हाताने कापड पूर्ण बाजूला घेतो, होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी बघतो, आणि सावकाश ठेवतो. घोडा बाहेर असलेलं पिस्तूल असेल तर अंगठा घोड्यावर ठेवायचा, तो हलू लागला की लगेच कळतं. काढायची घाई असू शकते, ठेवायची कधीच नसते. पुढे बाळगणाऱ्यांनी तर पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये घालून मग ते अख्खं कमरेला लावावं, म्हणजे नळी अंगाकडे असताना आत ढकलायची वेळ येत नाही.

पेच, घाम आणि बाकीचं

कायडेक्स या कडक प्लास्टिकच्या होल्स्टरांत पेच सैल होणं ठरलेलंच आहे. चालण्याच्या हादऱ्यांनी ते हळूहळू फिरतात, आणि एक दिवस क्लिप एकाच पेचावर लटकलेली सापडते. पेच काढा, पुसून कोरडे करा, आट्यांवर निळ्या रंगाचं, परत काढता येईल असं लॉकटाइट, म्हणजे पेच सैल होऊ न देणारं चिकट द्रव, लावा आणि चोवीस तास तसंच सुकू द्या. ते धातूच्या आट्यांपुरतंच ठेवा. काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात, म्हणून ओघळू देऊ नका. मग पेचाच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की पेच फिरला. पकडीचा पेच मात्र आधी नीट जुळवा, पाव-पाव फेऱ्याने, गादीवर उलटं धरून हलवून. मगच लॉकटाइट.

कायडेक्स हे उष्णतेने मऊ होणारं प्लास्टिक आहे आणि त्यावरच त्याचं सगळं घडवणं चालतं. त्यामुळे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, काचेखाली ते ठेवू नका. साचा वाकला की पकड बदलते.

घामाचा त्रास दोन प्रकारचा. अंगाला होतो त्यावर होल्स्टरखाली पातळ बनियन हा पुरेसा उपाय आहे. पिस्तुलाला होतो तो जास्त फसवा, कारण स्लाइडची अंगाकडची बाजू आणि मॅगझिनचा तळ आपण बघतच नाही. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसणं आणि आठवड्यातून एकदा तेलाचा अगदी हलका हात फिरवणं एवढं करा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल आठवडेच्या आठवडे ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि स्लाइडवर गंजाचे ठिपके उठतात.

जोडसामानात मी हात आखडता घेतो. जादा मॅगझिन बाळगायचं असेल तर ते दुसऱ्या बाजूला लावा, पट्टा समतोल राहतो. खिशात पिस्तूल ठेवणार असाल तर खिशाचं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात किल्ली-नाणं काही नको.

एवढं सगळं करून, चार-पाच आठवडे देऊन, तरीही मूठ दिसतच असेल तर मग पिस्तूल बदलायचा विचार करा. आणि तेव्हा नळीची लांबी बघू नका. नेहमीचा शर्ट घालून जा आणि दोन पिस्तुलांच्या मुठी शेजारी शेजारी धरून बघा. मुठीतला बोटभर फरक शर्टाखाली खूप मोठा असतो.